दाजीचे गुडघे

गुरांच्या डॉक्टरला लोक सगळ्यात जास्त काय दाखवत असतील? गाय? म्हैस? छे! स्वतःचे गुडघे. सरकारी पशुवैद्यकीय दवाखान्यात माझी सगळी उमेदीची वर्षं गेली, त्यातली बरीचशी पेण आणि रोह्यात. गोठ्यात वाकून म्हशीची तपासणी करावी, हात धुवावेत आणि मान वर करावी, तर मालक लेंगा वर ओढून उभाच. "डॉक्टर, आलाच हाव तर माजं ढोपर पन बगा जरा. उठता-बसता येत नाय." एकाने तर म्हशीला दिलेल्या इंजेक्शनाची बाटली उजेडात धरून मला विचारलं होतं, "ह्यातलं थोडं उरलंय ना ओ? वाया कशाला घालवता?"

यावर माझं एक उत्तर ठरलेलं होतं. "अहो, मी चार पायांचा डॉक्टर. तुमचे दोन कमी पडतात." लोक हसायचे, मी बॅग बंद करायचो, काम संपलं. या विनोदाचा मला भारी अभिमान होता. संपादकांनी दिवाळी अंकासाठी लिहायला सांगताना "काहीतरी हलकंफुलकं, तुमच्या त्या विनोदांसारखं" असं म्हटलं, म्हणून त्याच विनोदाबद्दल लिहितो आहे. हलकंफुलकं होईल की नाही, ते माझ्या हातात नाही.

आमचं खातं गाय, बैल, म्हैस, शेळी आणि कोंबडी यांचं. माकड आमच्या यादीत नाही. कॉलेजात माकडावर एखादा तास झाला असेल, तोही मी बुडवला असणार. रानातली जनावरं वनखात्याची; पण वनखात्याकडे तालुक्याला डॉक्टर नसतो. त्यामुळे विहिरीत पडलेलं रानडुक्कर असो की तारेत अडकलेली घार, शेवटी माझ्या पेणच्या रामवाडीतल्या खोलीचंच दार वाजायचं. घरमालकीण म्हणायची, "डॉक्टर, तुमच्याकडे पाव्हणे येतात ते सगळे पोत्यातून येतात."

माकडांशी माझा पहिला संबंध आला तो जोह्याला. गणपतीचे कारखाने आहेत तिथे. सुकायला ठेवलेल्या मूर्तींमध्ये माकडांची टोळी घुसली आणि अकरा-बारा गणपतींचे हात मोडून गेली. नाना नावाचे एक मूर्तिकार होते, त्यांनी दवाखान्यात निरोप धाडला, की माकडांना असं एखादं इंजेक्शन द्या, की ती बाकी कुठेही जातील पण जोह्याला येणार नाहीत. मी गेलो, चहा प्यायलो आणि असं इंजेक्शन अजून निघालं नसल्याचं सांगितलं. नाना मोडका हात खांद्याला पुन्हा बसवत होते. दोन्ही बाजूंना पाणी लावत लावत म्हणाले, "सांध्यात वल पायजे, डॉक्टर. दोनी बाजू सुक्या ठेवून जोडलं तर हात टिकत नाय. आदी किरकिरतो, मग गळतो."

सांधा म्हणजे काय हे मला कॉलेजात दोन वर्षं शिकवलं होतं, पण लोकांना समजावून सांगायला पुढे नानांचंच वाक्य कामी आलं. हाडाच्या टोकावर एक पांढरा, गुळगुळीत थर असतो, शहाळ्यातल्या मलईसारखा. त्यावर वंगणासारखं पाणी असतं. वय झालं की थर झिजतो, पाणी कमी होतं, हाडावर हाड घासतं. मग कडेला हाडाचे कोंब फुटतात, सांधा सुजतो, ताठतो. म्हशीचं, घोड्याचं, माणसाचं, सगळ्यांचं हेच. माकडाचंही हेच असतं, हे मला तेव्हा कुणी विचारलं असतं तर मी सांगितलं असतं. पण वेळ आली तेव्हा मला ते सुचलं नाही.

वेळ आली ती वनखात्याच्या एका चिठ्ठीतून. खाडीकडच्या एका गावात (गावाचं नाव मुद्दामच सांगत नाही) एका बाईने माकड बांधून ठेवलं आहे, माकड पांगळं झालं आहे आणि त्याच्या अंगावर भाजल्याच्या खुणा आहेत, अशी तक्रार होती. तक्रार करणारी दोन शहरी पोरं. मिठागरांवर पक्ष्यांचे फोटो काढायला आली होती, त्यांनी माकडाचेही काढले. मला जाऊन तपासून अहवाल द्यायचा होता.

निघण्याआधी वनपालांनी मला सगळं मोकळेपणाने सांगितलं. माणूस भला होता. म्हणाले, "डॉक्टरसाहेब, माकड पाळता येत नाही, कायदाच आहे. पण म्हातारी बाई, लंगडं माकड. रानात सोडलं तर दोन दिवसांत कुत्री फाडतील. तुम्ही लिहिलंत की बाई नीट सांभाळतेय, तर मी वरून परवानगी काढतो आणि तिच्याच ताब्यात ठेवतो. हाल केलेत असं लिहिलंत, तर मात्र आजच न्यावं लागेल." म्हणजे ते माकड घरी राहायचं की जायचं, ते माझ्या दोन ओळींवर होतं. हे मला पक्कं माहीत होतं. नंतर कुणी म्हणू नये, की डॉक्टरला कल्पना नव्हती.

वनपाल त्या दोन पोरांना घेऊन जीपने पुढे गेले; माझ्या मागे मोटारसायकलवर शंकरराव होते. आमच्या दवाखान्याचे व्रणोपचारक. म्हणजे जखमा धुणारे, पट्ट्या बांधणारे आणि डॉक्टर रजेवर असला की डॉक्टर. वयाने माझ्यापेक्षा मोठे आणि त्याच खाडीपट्ट्यातले. बांधावरून गाडी न्यायची म्हणजे एका बाजूला भाताची खाचरं, दुसऱ्या बाजूला मिठाचे वाफे. शंकरराव मागून सारखे "हळू, साहेब" म्हणत होते आणि मी मुद्दाम जोरात चालवत होतो. स्वभाव! आजही बायको गाडीत मागेच बसते.

बाईचं नाव ठमाबाई. विधवा, साठीच्या आसपासची, काटक. लहानपणापासून मिठागरात राबलेली; वाफ्यातलं मीठ फळीने ओढायचं, पाटीत भरायचं आणि डोक्यावरून राशीवर टाकायचं. लेक लग्न होऊन उरणकडे गेलेली. घरात ती आणि माकड. माकड ओटीवर गोणपाटावर बसलं होतं, दोन्ही हात गुडघ्यांवर. लाल तोंडाचं आपलं साधं माकड, डोक्यावर मधोमध भांग पाडल्यासारखे केस. त्याचं नाव दाजी.

"दाजी का?" मी विचारलं.

"सगळा हातात लागतो त्याला. जागेवरनं उठंल तर शपथ," ठमाबाई म्हणाली. "आमच्या बहिनीचा नवरा असाच हाय."

शंकरराव हसले. मीही हसलो. तिथपर्यंत सगळं ठीक होतं.

मग मी तपासायला बसलो. दोन्ही गुडघे सुजून नारळाच्या कोवळ्या बोंडाएवढे झालेले, सरळ होत नव्हते. कोपरं ताठ. बोटांची पेरं गाठाळलेली. चालवून बघितलं तर चार पावलं तिरका तिरका गेला आणि बसला. कमरेला दोरी होती. आणि दोन्ही गुडघ्यांच्या वाटीभोवती केस गेलेले, गोल गोल, भाजलेले डाग. मी गुडघा दाबला तसा दाजीने दात विचकले नाहीत, की हिसका दिला नाही. माझ्या हातावर नुसता आपला हात ठेवला.

"सांजंची मी शेकते तवा पन असाच धरतो," ठमाबाई म्हणाली.

मी डागांवर बोट ठेवलं. "हे कोणी भाजलं?"

"मीच," ती म्हणाली. भात कोणी रांधला विचारल्यावर सांगावं तसं.

झालं! त्या दोन पोरांनी एकमेकांकडे बघितलं. माझ्या डोक्यात तिडीक गेली. बांधलेलं जनावर, वाकडे झालेले पाय, वर चटके, आणि ही बाई निवांत सांगते, मीच. शंकरराव पुढे झाले, "साहेब, ते डाग त्यांनी…"

"शंकरराव, बॅग आणा," मी म्हणालो. ते बॅग घेऊन आले.

तेवढ्यात ठमाबाई माझ्यासमोर येऊन उभी राहिली, वाकली, लुगड्याचा काठ मुठीत धरला आणि म्हणाली, "डॉक्टर, तुमी आदी माजी ढोपरं बगा."

आता मला सांगा, दिवसातून चारदा हे वाक्य ऐकणाऱ्या माणसाने काय समजायचं? मी समजलो, आली हीसुद्धा लाइनीत! इकडे माकड जातंय आणि हिला स्वतःच्या औषधाची पडली आहे. मी बॅगेचा चाप लावत म्हणालो, "बाई, मी चार पायांचा डॉक्टर. तुमचे दोन कमी पडतात."

पोरं हसली. वनपालही हसले. ठमाबाईने काठ सोडला आणि सरळ उभी राहिली.

अहवाल मी तिथेच ओटीवर बसून लिहिला. आजही तोंडपाठ आहे. 'दोन्ही गुडघ्यांभोवती तापलेल्या लोखंडाने भाजल्याच्या प्रत्येकी पाच गोल खुणा. सांधे सुजलेले व ताठर. सदर आजार दीर्घकाळ बांधून ठेवल्यामुळे व क्रूर वागणुकीमुळे झाला असावा.' त्या 'असावा'मागे मी पुढे बरीच वर्षं लपलो.

दाजीला पिंजऱ्यात घालून जीपमध्ये ठेवलं. तो ओरडला नाही, तोंड मात्र घराकडे करून बसला. जीप सुरू झाली तशी ठमाबाई आतून एक फडक्यात बांधलेली पुरचुंडी घेऊन आली. मीठ होतं, जाडं, मिठागरातलं. जीपवाल्यांनी घेतलं नाही, म्हणून माझ्या हातात दिलं. "तव्यावर गरम करायचा आन फडक्यातून शेकायचा. रोज सांजंचा. नायतर सकाळी उठवत नाय त्याला." मी हो म्हणालो आणि पुरचुंडी बॅगेत टाकली. ती तिथेच राहिली. पावसाळ्यात मिठाला पाणी सुटलं, बॅगेतले लसीकरणाचे कागद भिजले आणि मी दवाखान्यात सगळ्यांवर ओरडलो, की ही घाण कोणी ठेवलीय.

दाजीला लांबच्या एका शहरात, जनावरांच्या निवाऱ्यात नेलं. त्यांनी हाल केले असं मी मुळीच म्हणत नाही. स्वच्छ पिंजरा, फळं, औषध, सगळं दिलं असणार. पण त्याने खाणं सोडलं. पावसाळा सरायच्या आत तो गेल्याचं वनखात्याकडून कळलं. ठमाबाईवर केस झाली होती. पेणच्या कोर्टात दोन-तीन खेपा घालून, शेवटी समज देऊन तिला सोडलं. आणि माझं? तालुक्याच्या साप्ताहिकात चार ओळी आल्या, 'डॉक्टरांच्या तत्परतेमुळे क्रौर्य उघडकीस'. कात्रण मी जपून ठेवलं होतं. लाज वाटते, पण ठेवलं होतं.

कात्रण आलं त्याच महिन्यातली गोष्ट. एका शेतकऱ्याचा बैल लंगडत होता म्हणून गेलो. मागच्या पायाच्या सांध्यावर डाग होते, गोल, एकाशेजारी एक. "डाग दिलाय वाटतं," मी म्हणालो. "व्हय, दिला. तरी गुन नाय," मालक म्हणाला. मी त्याला नेहमीप्रमाणे दटावलं, की डागून काही होत नाही, नुसतं भाजतं, पुन्हा करू नका. औषध दिलं आणि निघालो. गाडीला किक मारताना बघतो तर शंकरराव माझ्याकडे एकटक बघत होते.

"काय हो?"

"काय नाय, साहेब," ते म्हणाले आणि मागे बसले.

मला तेव्हाही कळलं नाही. इतका ठोंब्या होतो मी.

पुढे बदल्या होत होत रोह्याला आलो. तिथे कुंडलिकेच्या काठाला हमीदभाईंची वाडी होती; नारळ, आंबा, चिकू. जन्म आखातात कंपनीच्या शिफ्टा करण्यात गेला, आता परत येऊन वाडी बघत होते. त्यांची बकरी औषधाला माझ्याकडे असायची, म्हणून ओळख. एकदा म्हणाले, "डॉक्टर, माज्या वाडीत एक माकडीन येते. तिला बगा जरा. चालते बगा कशी, अगदी माज्यावानी."

गेलो. डोंगरावरून माकडांची टोळी यायची, झाडाझाडांवरून उड्या मारत. सगळ्यात शेवटी, कुंपणाच्या भिंतीवरून, एक म्हातारी माकडीण. उडी नाहीच. चार पावलं तिरकी तिरकी, मग बसायचं, दोन्ही हात गुडघ्यांवर. मी जागच्या जागी उभा राहिलो. हे बसणं मी बघितलेलं होतं.

"कुनीतरी बांधून ठेवलेली असनार, मग हिकडं आनून सोडली," हमीदभाई म्हणाले.

"तसंच असणार," मी म्हणालो. कारण माझ्या डोक्यात तेच होतं. माकडाचे सांधे गेले म्हणजे कोणीतरी बांधलं. रानातल्या माकडाला कसले आलेत सांधे! चिकूच्या दिवसांत ती रोज यायची. हमीदभाई भिंतीवर तिच्यासाठी पिकलेले चिकू ठेवायचे आणि स्वतः खुर्ची टाकून समोर बसायचे. दोघांचेही गुडघे धरलेले, दोघेही एकमेकांकडे बघत बसलेले. मी चिडवायचो त्यांना. एका सकाळी निरोप आला, ती झाडाखाली मरून पडली आहे.

वनरक्षकाने पंचनामा केला आणि दवाखान्यामागच्या शेडमध्ये मी तिला उघडलं. आधी कमर बघितली. केस दाट, दोरीचा वळ नाही, जुना नाही, नवा नाही. मग तोंड उघडलं. दात हिरडीपर्यंत झिजलेले. म्हणजे खूपच म्हातारी. मग गुडघा उघडला. पांढरा थर नावाला उरलेला. हाडाची टोकं घासून घासून चिंचोक्यासारखी चकचकीत झालेली. कडेने हाडाचे कोंब. पाठीचे मणकेही दोन-तीन ठिकाणी जुळून एक झालेले. हे जनावर जन्मात कधी कोणाच्या दारात बांधलेलं नव्हतं.

हमीदभाई नाकाला रुमाल लावून दाराशी उभे होते. "कुनी बांदली व्हती, कळलं?"

"कोणीच नाही."

"मंग ढोपरं कशानं गेली हिची?"

"वय, हमीदभाई. नुसतं वय."

"माज्यावानीच मंग," ते म्हणाले आणि डोळे पुसले.

मी हात धुतले, खुर्चीत बसलो आणि तेव्हा मला दाजीचे दात आठवले. आठवले म्हणजे काय, आठवतच नव्हते. मी बघितलेच नव्हते! म्हशीचे दात बघितल्याशिवाय जो माणूस कागदावर वय लिहीत नाही, त्याने त्या दिवशी माकडाचं तोंडसुद्धा उघडलं नव्हतं. वयाचा रकाना कोरा सोडून मी सरळ 'क्रूर वागणूक' लिहून मोकळा झालो होतो. पुढे कॉलेजातल्या जुन्या सरांना पत्र घातलं. त्यांनी कळवलं, की रानातल्या माकडांनाही सांध्यांचे आजार होतात, म्हातारपणाचे होतात, काहींना हगवणीच्या साथीनंतरही होतात. पिंजऱ्याचा आणि रानाचा त्यात वाटतो तितका फरक नाही. हे त्यांना पाठ होतं. मी तो तास बुडवला होता.

शंकरराव तोवर निवृत्त होऊन घरी बसले होते. त्यांना फोन लावला. दाजी किती वर्षांचा होता, विचारलं.

"ठमाबाईची लेक परकरात व्हती तवा आनला, साहेब. आय तारंला चिकटून मेली त्याची. इवलासा व्हता, बोळ्यानं दूध पाजला. पंचवीस वर्सं तरी झाली असतील."

"आणि ते डाग?"

"आमच्याकडं ढोपर धरला की डाग देतात, साहेब. बैलाला देतात, मानसाला पन देतात. माज्या आयशीनं मला दिलेत."

"मग तेव्हा सांगितलं का नाहीत?"

"सांगत व्हतो. तुमी बॅग आनायला सांगितली."

फोन ठेवला आणि मग तिचं ते वाक्य माझ्या कानात आलं. 'तुमी आदी माजी ढोपरं बगा.' ती औषध मागत नव्हती हो! ती मला पुरावा दाखवत होती. आणि मी विनोद केला.

एक सांगून ठेवतो. डाग देणं चुकीचंच आहे. त्याने सांधा बरा होत नाही, कातडी तेवढी जळते. मी आयुष्यभर लोकांना तेच सांगत आलो. पण आम्हालाही कॉलेजात घोड्याच्या सांध्यावर फोड आणणारं मलम चोळायला शिकवलं होतं, आणि ते चोळून आम्ही पासही झालो. आम्हाला कोणी क्रूर म्हटलं नाही, डॉक्टर म्हटलं. बैल डागणाऱ्या शेतकऱ्यालाही मी कधी क्रूर म्हटलं नाही. ठमाबाईला तेवढं म्हटलं, तेही सरकारी कागदावर, सही-शिक्क्यानिशी.

त्यानंतर लगेच ठमाबाईकडे गेलो असतो तर मी बरा माणूस ठरलो असतो. गेलो नाही. आज जाऊ, उद्या जाऊ करत वर्ष काढलं. खरं कारण भीती. शेवटी एक कागद तयार केला. जुना अहवाल चुकीचा होता, आजार वयोमानाने होता, डाग हे उपचार म्हणून दिलेले होते, सांभाळणाऱ्या बाईंनी जनावराची पंचवीस वर्षं चांगली देखभाल केली, असं सगळं लिहिलं. एक प्रत वनखात्यात दिली. तिथल्या कारकुनाने ती उलटीसुलटी बघितली आणि म्हणाला, "साहेब, फाइल तर कधीच बंद झाली." पोच मात्र दिली. दुसरी प्रत घेऊन रोह्याहून पेणला आलो आणि तिथून खाडीकडे.

बांधावर आता डांबर पडलं होतं. ठमाबाई ओटीवर सुपात जवळा निवडत बसली होती. खूप थकली होती. मी माझं नाव सांगितलं.

"वळखला," ती म्हणाली. "बसा."

मी बसलो नाही. उभ्यानेच कागद वाचून दाखवला, शेवटच्या सहीपर्यंत. तिने सगळं ऐकून घेतलं, हातातला जवळा निवडणं थांबलं नाही.

"ठमाबाई, चूक माझी होती," मी म्हणालो. "तुमची काहीच नव्हती."

"ते मला म्हाईत हाय," ती म्हणाली. मग कागदाकडे बघून म्हणाली, "ह्यो आता कुनाला दाखवू? कोरटात बोलली ती मानसं मेली काय जिती हायत म्हाईत नाय. गावातली पोरं माकड जाळनारी म्हनायची, ती आता बापे झाली." तरी तिने कागद घेतला, घडी घातली आणि फळीवर डब्याखाली ठेवला.

मग तिने सूप बाजूला सारलं.

"डॉक्टर, एक विचारू? खरा सांगाल?"

"विचारा."

"तिकडं त्याला सांजंचा कुनी शेकला काय ओ?"

मला खोटं बोलता आलं असतं. "हो, मी निरोप दिला होता, मीठ पाठवलं होतं," एवढं म्हटलं असतं तर त्या बाईला त्या रात्री झोप लागली असती. पण त्या ओटीवर माझं एकदा खोटं लिहून झालं होतं.

"नाही," मी म्हणालो. "मीठ माझ्याच बॅगेत राहिलं."

तिने मान हलवली. तोंडावर पदर धरला आणि रडली. आवाज न करता, पाठ हलत होती तेवढीच. मी उभाच. काय करावं, कुठे बघावं कळेना. शेवटी तोंडातून निघून गेलं, "ठमाबाई, तुमचे गुडघे बघू द्या मला."

तिने पदर खाली केला. माझ्याकडे बघितलं, आणि ओल्या डोळ्यांनीच जरा हसली.

"माजे दोनच पाय हायत, डॉक्टर."

इतकी वर्षं तिने माझं ते वाक्य जपून ठेवलं होतं. मी माझं कात्रण ठेवलं तसं. मी चपला काढल्या आणि तिच्यासमोर जमिनीवर बसलो. बसताना माझेच गुडघे कडाकडा वाजले. तिने लुगड्याचा काठ मुठीत धरला आणि वर केला. वाटीभोवती गोल, जुने, पांढरे पडलेले डाग होते.

"मला जिथं गुन आला," ती म्हणाली, "तिथंच त्याला दिले."

मी बोट ठेवून एकेक मोजला. एका गुडघ्यावर पाच, दुसऱ्यावर पाच.